यवतमाळ : जिभेची भाषा आणि जिवाची भाषा

वऱ्हाडच्या आग्नेय कोपऱ्यांतील यवतमाळ जिल्ह्याकडे हौसेनें प्रवासास जाणारे लोक थोडेच. पुण्यामुंबईकडील वाचकांस हा जिल्हा ठाऊक असतो तो काळ्या जमिनीसाठीं, कापसासाठीं, वैशाखांतील उन्हासाठीं, आणि अलीकडे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या दुःखद बातम्यांमुळें. तथापि ज्याला माणसांच्या बोलण्याची गोडी आहे, त्याला ऐकण्यासारखा असा मुलूख महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. एकाच जिल्ह्याच्या हद्दींत संस्कृताच्या वंशांतील बोली व द्राविड कुळांतील भाषा शेजारीं शेजारीं नांदत आहेत, आणि बाजाराच्या दिवशीं त्या सर्व भाषा बोलणारीं माणसें मराठींत भाव ठरवून मीठ-मिरची घेऊन घरोघर परततात.

गेल्या मार्गशीर्षांत, कापसाची वेचणी चालू असतां, आम्ही कांहीं दिवस या भागांत होतों. मनुष्य दुसरी भाषा अस्खलित बोलूं लागला म्हणजे त्याचें मनहि त्या भाषेंत राहावयास जातें काय, हा प्रश्न आम्हांस पूर्वीपासून पडत आला आहे. पुस्तकांतून त्याचीं उत्तरें वाचलीं होतीं. येथें तीं माणसांत पाहावयास मिळालीं. म्हणून तो प्रवास वाचकांपुढें ठेवीत आहों.

वर्ध्याहून मोटारीनें निघालें म्हणजे वाटेंत कळंब लागतें. येथील चिंतामणीचें देऊळ जमिनीच्या पातळीखालीं असून पायऱ्या उतरून दर्शनास जावें लागतें. पुढें टेकड्यांच्या चढउतारांतून रस्ता यवतमाळच्या पठारावर येतो. मूर्तिजापुराहून दारव्ह्यावरून येणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' गाडी आतां बंद आहे. पण जुन्या मंडळींत तिचें नांव काढलें कीं तासभर गोष्टी निघतात. पूर्वी हा जिल्हा वणी या नांवानें ओळखला जाई. १९०५ सालच्या फेररचनेंत त्यास यवतमाळ हें नांव मिळालें. ईशान्येस वर्धा नदी व दक्षिणेस पैनगंगा ह्या त्याच्या सीमा होत. पैनगंगेच्या पलीकडे मराठवाडा आणि तेलंगणांतील आदिलाबादचा मुलूख लागतो.

शहरांतील बोलणें वऱ्हाडी मराठीचें. 'काऊन', 'माह्या', 'जाऊन राहिलो' हे प्रयोग पुणेरी कानास प्रथम नवे वाटतात. दोन दिवसांनीं त्यांचीच गोडी लागते. या शहरानें मराठीचे दोन मोठे सोहळे पाहिले आहेत. १९७३ सालीं ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखालीं, आणि पुन्हा २०१९ सालच्या जानेवारींत अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथें भरलें. परंतु शहर सोडून कोणत्याहि दिशेस दहा-पंधरा कोस गेलें कीं मराठीच्या आड दुसऱ्या भाषा ऐकूं येऊं लागतात. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूस बंजाऱ्यांचे तांडे आहेत. त्यांची बोली गोरमाटी, ती राजस्थानीच्या नात्यांतील. केळापूर, घाटंजी, राळेगांव, मारेगांव, झरी-जामणी या बाजूस गोंड व कोलाम यांची वस्ती. कोलामांच्या वस्तीस 'पोड' म्हणतात. गोंडी व कोलामी या भाषा द्राविड कुळांतील, म्हणजे नात्यानें मराठीपेक्षां तेलुगूला अधिक जवळच्या. कोलामींत पाण्याला 'ईर', घराला 'एल्ला' आणि विस्तवाला 'किस' म्हणतात. संस्कृतांतील 'नीर' हा शब्द मूळचा द्राविड असावा असें अनेक भाषापंडितांचें मत आहे. तें ग्राह्य धरलें, तर काव्यांत आपण वाचतों तें नीर आणि पोडांतील मडक्यांतलें ईर हीं एकाच घरचीं ठरतात!

ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या खंडांत कोलामीची नोंद आहे. पुढें मरे एमेनो या पंडितानें तिचें वर्णनात्मक व्याकरण लिहिलें, तें १९५५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. २०११ सालच्या खानेसुमारींत कोलामी बोलणाऱ्यांची देशांतील संख्या सुमारे १ लाख २८ हजार भरली. ह्या लोकांपैकीं यवतमाळांत राहणारे बहुतेक सर्व मराठीहि बोलतात, आणि तरुण पिढी तर इतकी सफाईनें बोलते कीं डोळे मिटून ऐकणारास कोण कोणत्या घरचा हें ओळखतां येऊं नये. बंजारा समाजाची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. पुसद तालुक्यांतील गहुली या गांवीं १ जुलै १९१३ रोजीं जन्मलेले वसंतराव नाईक हे १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. दुसरी भाषा मनुष्यास कोठवर नेऊं शकते, याचें याहून मोठें उदाहरण आणखी कोणतें द्यावें?

मात्र जिभेला भाषा येणें आणि जिवाला भाषा येणें यांत अंतर आहे. तें आम्हांस प्रथम दिसलें तें एका घरच्या स्वयंपाकघरांत. पांढरकवड्यास ज्या स्नेह्यांकडे आम्ही उतरलों होतों, त्यांची सून आदिलाबादकडील तेलुगु भाषिक घराण्यांतली. लग्नाला बारा वर्षें झालेलीं. बोलणें अस्सल वऱ्हाडी. ओव्या, आरत्या तोंडपाठ. सकाळीं भाकरी भाजतांना तिचा हात तव्याला लागला आणि तोंडून शब्द निघाला तो 'अम्मा!' सासूबाई हंसून आम्हांस म्हणाल्या, "आमची सूनबाई हिशेब मांडते तेलुगूंत, आणि पोरांवर रागावली कीं तेव्हांहि तेलुगूच बोलून राहते. मग पोरांना समजतें कीं आतां खेळ पुरे." वस्तुतः त्या मुलांची भाषा मराठी, पण आईच्या रागाची धार त्यांस तेलुगूंतच कळते. हिशेब, राग आणि वेदना या तीन गोष्टींत मनुष्य आपल्या पहिल्या भाषेच्या दारीं जातो, हें पुष्कळ घरीं दिसून येईल.

या अनुभवास शास्त्राचाहि दुजोरा आहे. २००३ सालीं कॅथरिन हॅरिस, आयशे आयचिचेगी व जीन ग्लीसन या विदुषींनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांची मातृभाषा तुर्की असून इंग्रजी नंतर शिकलेली, अशा लोकांच्या बोटांस यंत्र लावून शब्द ऐकतांना त्वचेवर येणारा सूक्ष्म घाम मोजण्यांत आला. मन हेलावलें कीं हा घाम वाढतो, आणि तो आपल्या इच्छेच्या ताब्यांत नसतो. लहानपणीं वडील माणसें मुलांस जें रागें भरतात, तसलीं वाक्यें दोन्ही भाषांत ऐकविलीं, तेव्हां तुर्की वाक्यांनीं त्वचा अधिक जागी झाली. इंग्रजींतील तींच वाक्यें कळलीं, पण तितकीं झोंबलीं नाहींत. त्याच्या आधीं २००० सालीं व्हिओरिका मारियन व उल्रिक नायसर यांनीं आठवणींसंबंधीं असाच शोध केला होता. रशियांतून अमेरिकेंत आलेल्या तरुणांस एकेक शब्द देऊन आयुष्यांतील प्रसंग सांगावयास लावलें. मुलाखत रशियन भाषेंत असली कीं रशियन भाषेंत घडलेले प्रसंग अधिक आठवत, इंग्रजींत असली कीं इंग्रजींत घडलेले.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. पहिली भाषा मूल शब्दकोशांतून शिकत नाहीं. 'भाजेल हं' हा शब्द त्याच्या कानीं पडतो तो आईनें हात मागें ओढतांना. 'ये' हा शब्द कुशीच्या उबेसह. शब्द आणि अंगावरचा स्पर्श, वास, भीति हीं सगळीं एकाच वेळीं मनांत उतरतात. दुसरी भाषा बहुधा फळ्यावरून व पुस्तकांतून येते. तींतील शब्दाला अर्थ असतो, क्वचित् डौलहि असतो. पण त्यामागें प्रसंग उभा नसतो. म्हणून आठवणींच्या कोठारास भाषेचें कुलूप असतें असें म्हटलें तरी चालेल. जी किल्ली लावून आंत वस्तु ठेवली, तीच किल्ली बाहेर काढतांना उपयोगीं पडते. दुसऱ्या किल्लीनेंहि कुलूप उघडतें, पण जरा झटापटीनंतर.

झरीकडील एका आश्रमशाळेंतील शिक्षकांनीं सांगितलेली हकीगत येथें देण्यासारखी आहे. चौथींतली एक कोलाम मुलगी सुटीनंतर आठ दिवस उशिरा शाळेंत आली. कारण विचारतां तिनें सरळ मराठींत उत्तर दिलें : "आजी वारली. पाऊस होता. नंतर आलें." तीन वाक्यें, धड्यांतल्यासारखीं, चेहऱ्यावर कांहीं नाहीं. गुरुजींनीं हजेरी मांडली. सायंकाळीं स्वयंपाकघरांतील कोलाम बाईनें तिला कोलामींत एवढेंच विचारलें कीं, घरीं आतां तुझ्या शेजारीं कोण निजतें? आणि ती मुलगी जी रडूं लागली ती दिवेलागणीपर्यंत थांबेना. आजीच्या सगळ्या गोष्टी, तिचें निजवणें, तिचें शेवटचें पाणी मागणें, सारें त्या एका प्रश्नानें वर आलें. गुरुजी स्वतः मराठी, ते म्हणाले, "पोरीचें मराठी उत्तम होतें, म्हणूनच तिचें दुःख दिसलें नाहीं." हें वाक्य आम्हांस प्रवासभर पुरलें.

कारण या जिल्ह्यांत अशा सफाईदार मराठीवर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. दिग्रसच्या बाजूस एका तांड्यावर आम्ही एका निवृत्त शिक्षकांबरोबर गेलों होतों. तेथील एका बाईच्या नवऱ्यानें चार वर्षांपूर्वी विष घेतलें होतें. सरकारच्या नियमाप्रमाणें चौकशींत प्रकरण पात्र ठरलें तर अशा कुटुंबास १ लाख रुपये मिळतात. आणि ती चौकशी, ते जबाब, तो पंचनामा, सारें मराठींत. बाईनें ओटीवर चटई टाकली आणि आम्हीं न विचारतांच सर्व सांगितलें : कोणत्या वर्षीं पाऊस उशिरां आला, पेरणी किती वेळां मोडली, बँकेचें किती, सावकाराचें किती. आवाज एकसारखा. मध्यें एकदां "काय सांगू बाप्पा" एवढेंच म्हणाली. बरोबरच्या एका गृहस्थांनीं हळूच उद्गार काढले, "बाईचें मन घट्ट आहे." इतक्यांत आंतून तिच्या म्हाताऱ्या आईनें कांहीं विचारलें. बाई वळून 'याडी' म्हणाली. गोरमाटींत याडी म्हणजे आई. पुढचें वाक्य तिच्यानें पुरें झालें नाहीं. पदर तोंडाला लावून ती आंत गेली ती बराच वेळ आलीच नाहीं.

बंजारा समाजांत सासरीं निघालेली मुलगी 'ढावलो' गाते. तें गाणें म्हणजे रीतसर विलापच. आई, भाऊ, तांडा, सर्वांचा निरोप त्यांत घ्यावयाचा असतो, आणि वडीलधाऱ्या बायकांकडून मुली तें शिकतात. ज्या भाषेंत रडण्याचेंहि गाणें शिकविलें जातें, त्या भाषेंत शोकाला वाट असते. मराठींत त्या बाईपाशीं फक्त जबाब होता. चौकशीस येणाऱ्या निरनिराळ्या माणसांस सांगून सांगून तो गुळगुळीत झाला होता. ऐकणाऱ्यानें त्यावरून तिच्या मनाचें माप काढणें म्हणजे सातबाराच्या उताऱ्यावरून शेताची ओल सांगण्यासारखें आहे.

तरीहि एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. दुसऱ्या भाषेचा हा कोरडेपणा सर्वस्वीं तोट्याचाच असतो असें नाहीं. शिकागो येथील बोआज कीसार व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं दाखवून दिलें कीं, परक्या भाषेंत विचार करतांना माणसास नुकसानीची भीति कमी ग्रासते व निर्णय अधिक थंडपणें घेतां येतो. तीच त्या बाईचीहि गोष्ट असावी. गोरमाटींत जें उच्चारतांच गळा दाटतो, तें मराठींत तिला शेवटपर्यंत सांगतां आलें, आणि तसें सांगतां आलें म्हणूनच घरांतील मुलांच्या शाळेची व्यवस्था लागली. दुसरी भाषा ही कांहींना पावसांत धरावयाच्या छत्रीसारखी असते; ती अंग कोरडें ठेवते. आक्षेप तिच्यावर नसून, कोरडें अंग पाहून पाऊसच पडला नाहीं असें समजणाऱ्यांवर आहे.

कोणी विचारील कीं, मग शिकलेली भाषा जिवाची कधींच होत नाहीं काय? याचें उत्तरहि याच जिल्ह्यांत आहे. लोकनायक माधव श्रीहरि ऊर्फ बापूजी अणे हे वणीचे. जन्म २९ ऑगस्ट १८८० चा. वकिली केली यवतमाळांत. पुढें सिलोनांत हिंदुस्थानचे प्रतिनिधि व स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले. मातृभाषा मराठी, कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी. परंतु ज्या लोकमान्य टिळकांवर त्यांची आयुष्यभर निष्ठा होती, त्यांचें चरित्र लिहावयास बसले तेव्हां त्यांनीं घेतली ती संस्कृत भाषा. 'श्रीतिलकयशोऽर्णवः' हें तें काव्य. बापूजी १९६८ सालीं निवर्तले, आणि १९७३ सालीं ह्या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. संस्कृत ही कोणाच्याहि पाळण्याची भाषा नव्हे. पण त्या काळच्या वैदिक वळणाच्या घरांत ती पाटीवर येण्याच्या कितीतरी आधीं कानांवर येई : पहांटेच्या स्तोत्रांत, श्राद्धाच्या मंत्रांत, मुंजीच्या होमाच्या धुरांत. भक्ति आणि मृत्यु यांच्या सहवासांत ऐकलेली ती भाषा केवळ व्याकरणाची राहत नसे. तेव्हां भाषा जन्मानें मिळते कीं शिक्षणानें, हा मुख्य मुद्दा नाहीं. तींत आपण जगलों किती, कोणाच्या मांडीवर ऐकली, कोणाच्या उशाशीं बसून बोललों, यावर तिचें जिवाशीं नातें ठरतें.

ही गोष्ट केवळ पोडाची व तांड्याची नाहीं. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं नातवंडें आज पुण्यास किंवा परदेशांत इंग्रजींतून शिकत आहेत. मराठी तीं सुटींत बोलतात, आणि आजी-आजोबांस त्यांच्या उच्चारांचें कौतुकहि वाटतें. परंतु कौतुक वेगळें आणि आठवण वेगळी. घरांत रागावणें इंग्रजींत, समजूत इंग्रजींत, निजतांनाची गोष्ट इंग्रजींत, आणि मराठी फक्त पाढे व परवचा यांपुरती असें झालें, तर त्या मुलाची मराठी वयाच्या विसाव्या वर्षीं उत्तम असेल, पण आजी गेल्याची बातमी त्या भाषेंत त्यास कदाचित् नुसती कळेल. झरीच्या त्या मुलीच्या उलट बाजूनें तोच प्रकार होईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां आपण सर्वांस आनंद झाला आणि तो योग्यच होता. ज्यांना आपली भाषा इतकी प्रिय, त्यांनीं शेजारच्या घरांतील भाषेचाहि जीव ओळखावा, हें ओघानेंच आलें. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत, शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेंतून शिकवावें असें म्हटलें आहे. पोडापोडांतून तें पूर्णपणें घडवून आणणें सोपें नाहीं. पुस्तकें हवींत, शिक्षक हवेत. परंतु शाळेंत मुलाचें दुःख ऐकावयास, दवाखान्यांत कोठें दुखतें हें विचारावयास, आणि जबाब घेतांना शेजारीं बसावयास त्या भाषेचें एक माणूस असणें, एवढें तरी करतां येईल. त्या आश्रमशाळेंत तें काम स्वयंपाकीणबाईनें केलें. त्यासाठीं तिला कोणी नेमलें नव्हतें.

घरींहि करण्यासारखें आहे. ज्यांच्या घरीं परभाषिक सून किंवा जांवई आहे, त्यांनीं त्यांच्या मराठीची स्तुति अवश्य करावी. पण आजारांत, बाळंतपणांत, माहेरच्या दुःखांत तिला तिच्या भाषेंत बोलावयास माणूस मिळेल असें पाहावें. पांढरकवड्याच्या सासूबाईंनीं साठी उलटल्यावर सुनेकडून तेलुगु शिकावयास आरंभ केला आहे. त्यांना अद्याप भाजीपाल्याचीं नांवें आणि दहापर्यंतचे आंकडे एवढेंच येतें. गेल्या पावसाळ्यांत सुनेचे वडील वारले, त्या रात्रीं त्यांना कांहीं नीट बोलतां आलें नाहीं. त्या तिच्या उशाशीं बसून राहिल्या आणि येत होता तो एकच शब्द, 'अम्मा', पुन्हां पुन्हां म्हणत राहिल्या. सून म्हणते, त्या घरांत आपण लग्न होऊन आलों त्या दिवसापेक्षां त्या रात्रीं अधिक आलों.